रुतीचं पाणी

आमच्या दौंडात चैत्र आल्याचं झाडं सांगत नाहीत. सांगायला झाडं हवीत ना! इथं झाडांपेक्षा सिग्नल जास्त. तरी मालधक्क्यामागं एक कडुनिंब अजून तग धरून आहे आणि दर वर्षी या दिवसांत तो मोहरतो. संध्याकाळी वारा फिरला की त्याचा कडवट-गोड वास माझ्या खिडकीतून आत येतो, आणि मी उठून खिडकी लावून घेते. सून पुण्याहून आली की ओरडते, “आई, उकडून जीव जाईल तुमचा.” जाऊ दे गेला तर. त्या वासामागून जे आत येतं ते मला नको असतं.

यंदा सुनेनं नवंच काढलंय. माझी नात जुई आता पाच वर्षांची झाली. तिच्या शाळेत ईस्टरला बागेत चॉकलेटची अंडी लपवतात आणि पोरं ती शोधत फिरतात. मागच्या आठवड्यात फोनवर मला विचारते, “आजी, ससा अंडी कशी देतो?” म्हटलं, “सशाला विचार, मी काय त्याची मावशी आहे?” ती खिदळली, पण सुनेनं फोन घेतला आणि गंभीर आवाजात म्हणाली, “आई, हिला ईस्टरचा खरा अर्थ तुम्हीच सांगा. घरात तुम्हीच मोठ्या. तुमच्या आई तर लहान मुलांना शिकवायच्या ना?” शिकवायच्या. हो, शिकवायच्या तर खऱ्याच. मी फोन ठेवला आणि दिवसभर मला जेवण गेलं नाही.

माझ्या आईचं माहेर शिरूरचं. तिच्या तोंडी कायम घोडनदी हे गावाचं जुनं नावच असायचं, शिरूर म्हटलं की ते सरकारी वाटायचं तिला. तिथल्या ख्रिस्ती वस्तीत एक रीत होती. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, प्रत्येक घरातल्या पोरांनी मातीच्या पसरट परळात मूठभर जोंधळा पेरायचा, तो परळ पाटीखाली अंधारात झाकून ठेवायचा, आणि आठवडाभर रोज पाणी घालायचं. नवरात्रात घरोघरी घट बसतात तसंच दिसायचं ते. शेजारणी म्हणायच्या, “तुमच्यात बी घट बसत्यात व्हय?” आई म्हणायची, “घट न्हाई बाई, ही कबर हाय.” त्या बायका तोंडाला पदर लावायच्या. ईस्टरच्या पहाटे पाटी उचलली की खाली पिवळसर हिरवे कोंब उभे असायचे, आणि पोरं ते परळ डोक्यावर घेऊन देवळात जायची. चर्चला आम्ही देऊळच म्हणायचो.

आईनं ही रीत लग्नानंतर दौंडच्या रेल्वे कॉलनीत आणली. वडील, म्हणजे आमचे दादा, रेल्वेत पॉइंट्समन. गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर घालणं त्यांना झोपेतसुद्धा जमलं असतं, बोलणं मात्र जमायचं नाही. बोलायचं काम आईकडं. कॉलनीतली बारकी पोरं ती रविवारी आमच्या व्हरांड्यात पोत्यावर बसवायची आणि त्यांना गोष्टी सांगायची. गोष्ट सांगताना तिचे हात पिठात असोत की साबणात, थांबायचे नाहीत. दौंडची माती तिला पसंत नव्हती. ती दर वर्षी घोडनदीला जाऊन नदीकाठचा गाळ फडक्यात बांधून आणायची. माझे मामा तिथं बाजारात शिवणकाम करायचे. ते चिडवायचे, “काय गं, दौंडात माती न्हाई व्हय? समदा कोळसाच हाय म्हना!” आई म्हणायची, “कोळशात काय उगवतंय, धूरच!” मग दोघं भाऊबहीण इतकी हसायची की मामांची सुई हातातून गळायची. एसटीत ते गाळाचं गाठोडं तिच्या मांडीवर असायचं आणि माझी धाकटी बहीण रुती त्या गाठोड्यावर डोकं टेकून झोपायची.

पोरांना ईस्टर समजावताना आई काय सांगायची, ते मला शब्दन् शब्द आठवतं. न आठवतं तर बरं झालं असतं. ती परळातला एक दाणा उचलून सगळ्यांना दाखवायची आणि मातीत दाबायची. म्हणायची, “बघा, गाडला. आता लोक म्हन्त्याल, संपलं. पन संपत न्हाई. त्यो तिथं अंधारात ऱ्हातो. देव त्याला उठिवतो. आपल्या हाती एकच हाय, पानी घालायचं आन् वाट बघायची. पानी घालनारं कुनीतरी पायजे, बरं का.” पोरं मान हलवायची. रुती सगळ्यात पुढं बसायची, तोंड उघडं टाकून. तिला वाटायचं आई हे फक्त तिलाच सांगतेय.

मग ते दुष्काळाचं वर्ष आलं. साठीच्या दशकाची मधली वर्षं ज्यांनी काढली त्यांना ते वेगळं सांगायला नको. नळाला करंगळीएवढी धार यायची आणि बायका पहाटेपासून बादल्या लावून बसायच्या. रेशनला परदेशातून आलेला लाल मिलो मिळायचा. दिसायला जोंधळ्यासारखा, पण भाकरी थापायला गेलं की तव्यावर पोचायच्या आतच तुटायची. आई त्या भाकरीला शिव्या द्यायची आणि त्याच दमात देवाचे आभार मानायची. त्याच उन्हाळ्याच्या तोंडाला तिला ताप चढला. गढूळ पाण्याचा ताप, असं डॉक्टर म्हणाले. कडुनिंब मोहरायला लागला होता. खाटेवरून ती मला म्हणाली, “गाळ फडताळाच्या खाली हाय गं. झावळ्यांच्या रविवारी पोरांस्नी पेरायला लाव.” मी म्हटलं, “तूच लाव की.” ती हसली. तिचे ओठ फुटले होते, हसताना त्यातून रक्त आलं.

झावळ्यांच्या रविवारापर्यंत ती राहिली नाही.

रुळांपलीकडं, भीमेकडं जाणाऱ्या वाटेवर आमची दफनभूमी आहे. तिथं तिला पुरलं. रुती तेव्हा पाच वर्षांची, आज जुई आहे तेवढी. सगळे रडत होते आणि ही बाई टक लावून खड्ड्याकडं बघत होती. पेटीवर पहिली माती पडली तेव्हा तिनं माझा हात ओढला आणि हळूच म्हणाली, “तायडे, ही माती काळी हाय. घोडनदीची न्हाई.” मी तिला गप्प केलं. मला वाटलं, पोर घाबरलंय.

रविवार आला. कुणालाच परळाची आठवण नव्हती, आठवण ठेवणारीच गेली होती. पण रुतीनं फडताळाखालून गाळाचं गाठोडं ओढून काढलं. पेरायला जोंधळा हवा, तो घरात कुठला? दादांनी रेशनच्या पिशवीतला मूठभर मिलो तिच्या ओंजळीत टाकला. ते म्हणाले, “पेर बाई. दाना तो दाना.” बोटीतून कुठनं कुठनं आलेला, किडीचं औषध मारलेला तो दाणा. बापड्याला काय ठाऊक! रुळांवर जन्म काढलेला माणूस. रुतीनं आईसारखंच केलं, दाणा वर धरून मला दाखवला, मातीत दाबला आणि म्हणाली, “बघ, गाडला.”

सोमवारपासून ती दुपारची गायब व्हायला लागली. हातात दुधाच्या पावडरीचा रिकामा डबा. शेजारच्या चाँदबी तिला आपल्या माठातलं पाणी द्यायच्या. त्यांचे मालक इंजिनावर खलाशी होते, आमच्या दोन घरांच्या मध्ये एकच भिंत. आई गेल्यापासून त्या आमच्याकडं जरा जास्तच लक्ष ठेवून असायच्या. मी विचारलं तर म्हणाल्या, “कबरीवर घालाया नेती बिचारी. आमच्यात बी कबरीवर पानी शिंपडत्यात, सवाब मिळतो, पुन्य म्हना की. नेऊ दे गं, तिच्या जिवाला बरं वाटंल.” त्या दुष्काळात पाच लेकरांच्या घरातलं डबाभर पाणी ती बाई रोज देत होती. दादांनाही माहीत होतं. भर उन्हात ती डबा दोन्ही हातांनी धरून रुळांपाशी यायची, तेव्हा दादा आपल्या जागेवरून उठून गाडी येत नाही ना बघायचे आणि तिला उचलून पलीकडं ठेवायचे. पाणी सांडू नये म्हणून ते तिला कडेवर न घेता सरळ उभं धरून न्यायचे. त्यांना वाटायचं, आईपाशी बसायला जाते. तिच्या मनात काय होतं ते कुणी विचारलंच नाही, पाच वर्षांच्या पोराला कोण विचारतं?

मला कळलं ते बुधवारी. सकाळी नळावर रांगेत बसलो होतो. रुती परळाची पाटी उचलून बघून आली होती, अजून काही वर आलं नव्हतं. ती माझ्या कानाशी लागून म्हणाली, “तायडे, प्रभूला शुक्रवारी ठिवलं आन् रविवारी उठला. आईला तर लई दिस झालं. म्हून तिला जास्ती पानी लागनार. मी रोज घालतीया. रविवारी पहाटं समदी तिथंच येनार हायेत, समद्यांम्होरं तिला लाज वाटंल, लुगडं नेऊ का आपुन?”

तिला तेव्हा काय सांगायचं असतं, कुणी मला आजही सांगावं. मी पाचवीत होते. माणूस मेलं की मेलं, एवढं न कळायला मी कुकुलं बाळ नव्हते. आमच्या वर्गातली एक मुलगी काविळीनं गेली होती आणि तिच्या जागी दुसरी बसली होती. मला सगळं ठाऊक होतं. आणि तरी त्या रांगेत, उन्हं अंगावर यायला लागलेली असताना, मी मनात रविवारपर्यंतचे दिवस मोजले. आईनं सांगितलंय ना, देव उठवतो? आई खोटं बोलायची नाही. मी रुतीला म्हटलं, “निळं लुगडं नेऊ.” शनिवारी दुपारी तिच्याबरोबर मीही गेले, माझ्या वाटणीची अर्धी कळशी घेऊन.

शनिवारी लोक थडग्यांना चुना लावत होते. आमच्यात ती रीत आहे, ईस्टरच्या आदल्या दिवशी दफनभूमी झाडून पांढरी करायची. आईचं थडगं अजून बांधलेलं नव्हतं, नुसता मातीचा उंचवटा. बाकी सगळीकडं भेगाळलेली जमीन आणि तेवढाच एक तुकडा काळा, ओला, मऊ. तिच्या आठवडाभराच्या डब्यांनी झालेला. दोन बायका तिकडं बघून म्हणाल्या, “पोरींचा जीव बघा की हो.” त्यांनी डोळे पुसले. आम्ही दोघी पाणी घालत होतो, आणि मला आठवतंय, मी आनंदात होते. आई गेल्यानंतरचा माझा तो एकच आनंदाचा दिवस.

दौंडात ईस्टरची पहिली प्रार्थना दफनभूमीतच व्हायची, म्हणून पहाटे कंदील घेऊन सगळी मंडळी रूळ ओलांडून तिकडं निघाली. पुढं ढोलकी, झांजा, भजन. रुतीच्या डोक्यावर परळ होता, वर फडकं झाकलेलं. रात्रीपासून तिनं कुणाला बघू दिलं नव्हतं. माझ्या काखेत निळं लुगडं होतं, दादांनी विचारलं, “हे कशाला?” मी म्हटलं, “असू द्या.” पूर्वेकडं तांबडं फुटत होतं. पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, मधोमध उभे राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, “ख्रिस्त उठला आहे!” सगळे एका आवाजात म्हणाले, “खरोखर उठला आहे!” लोक एकमेकांना भेटायला लागले, आपापल्या माणसांच्या थडग्यांवर फुलं ठेवायला लागले.

रुती आईच्या उंचवट्यापाशी उभी होती. तिनं फडकं काढलं. परळात गाळ होता, ओला, गुळगुळीत. एकही कोंब नव्हता. तिनं बोट घालून एक दाणा वर काढला. तो फुगला होता, नासला होता, पण लालचा लालच होता. मग तिनं उंचवट्याकडं बघितलं. तिथंही ओली माती होती आणि बाकी काही नव्हतं. उजाडत चाललं होतं. कुणीतरी झांज वाजवत होतं. तिनं बराच वेळ वाट बघितली. खरंच बघितली, पोरांना एवढा धीर धरवत नाही, पण तिनं धरला. मग दादांच्या धोतराला हात लावून म्हणाली,

“दादा, माझं पानी कमी पडलं का?”

दादा खाली बसले. त्यांना आत्ता कळलं होतं, लुगड्याचंही कळलं होतं. त्यांचा चेहरा मी त्या आधी कधी तसा बघितला नव्हता. ते म्हणाले, “न्हाई गं माझे बाई. तुझं न्हाई कमी पडलं.”

“मग कुनाचं?”

दादांना बोलता यायचं नाही हे मी सांगितलंच. पण तिथं बोलता येणारेही होते. पाळकसाहेब दोन पावलांवर होते, त्यांनी ऐकलं. त्यांनी रुतीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो हात तिथंच राहिला. आम्ही घरी आलो, चाँदबींनी शेवया करून पाठवल्या होत्या, सणाच्या म्हणून. त्या तशाच राहिल्या.

पुढच्या जूनपासून दादांनी आम्हा दोघींना शिरूरला मामांकडं ठेवलं. सुट्टीत आम्ही दौंडला यायचो, पण दादा पुन्हा कधी ईस्टरला देवळात आले नाहीत. दर ईस्टरला मुद्दाम ड्यूटी मागून घ्यायचे आणि लोकांना वाटायचं, काय सज्जन माणूस, दुसऱ्यांना सण करू देतो. रुती घोडनदीच्या काठानं शाळेत जायची यायची, पण त्या गाळाला तिनं पुन्हा हात लावला नाही. मामांनी एकदा परळ पुढं केला तर म्हणाली, “मला न्हाई येत ते.” एवढ्या शांतपणे म्हणाली की मामांनी परळ आत नेऊन ठेवला तो कायमचाच.

लोक म्हणतात, काळ हे औषध आहे. मी तरी ते औषध कुणाला लागू पडलेलं पाहिलं नाही. जखम दिसेनाशी होते एवढंच, माणूस तिच्याभोवती आपलं वागणं बसवून घेतो. रुती मोठी झाली, नर्स झाली, पुण्यात एकटी राहिली. लग्न केलं नाही. तिच्या घरात साधी कुंडीसुद्धा नव्हती. पण पाणी! एकट्या बाईच्या घरात पिंप, हंडे, कळशा, बादल्या, बाटल्या, सगळं काठोकाठ भरलेलं. नळाला चोवीस तास पाणी असायचं, तरी. मी चिडवायची, “अगं, लग्नाची पंगत बसणारे का तुझ्याकडं?” ती हसायची आणि म्हणायची, “असू दे. आयत्या वेळी कमी पडायला नको.” त्या पहाटेबद्दल आम्ही दोघी जन्मात एक अक्षर बोललो नाही. काय बोलणार? मला तिच्या प्रश्नाचं उत्तर ठाऊक नव्हतं आणि तिनं तो प्रश्न सोडला नव्हता.

गेल्या दिवाळीत रुती गेली. शेवटी एवढंच म्हणाली, “मला आईजवळ टाका.” टाकली. तिचं घर रिकामं करायला मी गेले तेव्हा सगळ्यात आधी ते पाणी ओतायचं होतं. मोरीत एकेक हंडा उपडा करत होते. सून म्हणाली, “आई, तुम्ही बसा, मी ओतते.” मी बसले नाही.

आणि आता मला ईस्टरचा अर्थ सांगायचा आहे. काय सांगू? मी दर रविवारी देवळात जाते, उभी राहते, बसते, सगळ्यांबरोबर “खरोखर उठला आहे” म्हणते. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. तो उठला असेल. माझी माणसं उठली नाहीत. ज्या वयात माझ्या बहिणीचा विश्वास मातीत गेला, त्याच वयाच्या पोरीला मी दाणा उचलून दाखवू?

आज शनिवार. सून आणि जुई सकाळच्या गाडीनं आल्या. चुन्याची बादली घेऊन आम्ही तिघी दफनभूमीत गेलो. सून आईचं आणि दादांचं थडगं रंगवायला लागली. रुतीचं अजून बांधायचं आहे, नुसता मातीचा उंचवटा, उन्हानं तडकलेला. जुई चॉकलेटचं अंडं हातात धरून इकडून तिकडं पळत होती, ते वितळून तिचे हात बरबटले होते. मी बरोबर आणलेली पाण्याची कळशी उचलली. घरून निघताना ती का भरून घेतली ते मला विचारू नका. मी रुतीच्या मातीवर पाणी घालायला लागले, हळूहळू, सगळीकडं पोचेल असं. माती आवाज करत पाणी पीत होती. घालताना मला पक्कं ठाऊक होतं की काही होणार नाही. काही झालंही नाही.

जुई येऊन शेजारी उभी राहिली. “आजी, इथं तर झाड नाहीये. मग पाणी कशाला घालतेस?”

सुनेनं ब्रश थांबवला. तिला वाटलं, आता आई अर्थ सांगणार.

मी कळशी उपडी केली, शेवटचा थेंब पडेपर्यंत धरून ठेवली, आणि म्हटलं, “कमी पडलं, असं कुणी म्हणायला नको.”